तुरुंगातल्या उपचाराचा उपयोग होतो का, हे मोजायचं कसं?

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, खटल्यात शिक्षा लागली की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते आणि चहाच्या गाड्यावर दोन मतं ऐकू येतात. असल्यांना भर चौकात फासावर द्या, ही माणसं सुधारत नसतात, हे पहिलं. दुसरं जरा दबक्या आवाजात येतं: आत असताना त्यांच्यावर उपचार, समुपदेशन असं काहीतरी झालं पाहिजे, नाहीतर बाहेर आल्यावर पुन्हा तेच. मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे मला या वादात एक गोष्ट खटकते. दोन्ही बाजू उत्तर ठाऊक असल्यासारखं बोलतात, आणि प्रश्न तर मोजून सोडवण्याचा आहे. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांपैकी ज्यांना तुरुंगात उपचार मिळाले ते, न मिळालेल्यांपेक्षा, सुटल्यावर कमी गुन्हे करतात का? काही देशांनी हे मोजून पाहिलंय. त्यांपैकी इंग्लंडमध्ये जे निघालं, ते उपचाराच्या बाजूनं बोलणाऱ्यांनाही पचायला जड गेलं.

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत शिक्षा वाढत गेल्या. 2012 चा पोक्सो कायदा, 2013 आणि 2018 च्या फौजदारी कायद्यातल्या दुरुस्त्या, 2019 मध्ये पोक्सोत आलेली फाशीची तरतूद. तरीही बहुतेक शिक्षांना शेवट असतो. पंचविशीत दहा वर्षांसाठी आत गेलेला माणूस पस्तिशीत बाहेर येतो आणि आपल्याच कुठल्या तरी पेठेत भाड्यानं खोली शोधतो. फाशी हवी होती की नको, या वादाचा तेव्हा काही उपयोग नसतो. तो पुन्हा तसं करेल का, एवढंच शेजाऱ्यांना हवं असतं.

उपचार म्हटलं की गोळ्या-इंजेक्शनं डोळ्यांसमोर येतात. हार्मोन कमी करणारी औषधं काही देशांत वापरतात, पण तुरुंगातले बहुतेक कार्यक्रम बोलण्याचे असतात. गटात बसायचं, महिनोन्महिने. ‘तिची हरकत नव्हती’, ‘पोरांना काय कळतंय’ अशी जी कारणं माणूस स्वतःला देत आलेला असतो, ती उघडी करायची. राग, एकटेपणा, दारू, रिकामा वेळ, यांतून तो गुन्ह्यापर्यंत कसकसा पोहोचला ते टप्प्याटप्प्यानं मांडायचं, आणि पुन्हा तसा प्रसंग आला तर काय करायचं याचा सराव करायचा. ऐकायला हे सगळं पटतं. पटतं म्हणूनच ते तपासण्याची घाई कुणाला नसते.

इंग्लंड आणि वेल्सच्या तुरुंगांत असा कार्यक्रम 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू होता. हजारो कैदी त्यातून गेले. जून 2017 मध्ये तिथल्या न्याय मंत्रालयाने त्याचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. 2000 ते 2012 या काळात कार्यक्रम घेतलेले 2,562 पुरुष आणि न घेतलेले 13,219 पुरुष, सरासरी 8.2 वर्षांचा पाठपुरावा. उपचार घेतलेल्यांपैकी 10 टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला. न घेतलेल्यांपैकी 8 टक्क्यांनी.

हो, घेतलेल्यांचा आकडा जास्त. अहवाल यायच्या आधीच, मार्च 2017 मध्ये, तो मूळ कार्यक्रम बंद करून त्याच्या जागी दुसरे आणले गेले होते.

हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहितो तेव्हा पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. “सर, म्हणजे उपचारानं उलट बिघडले म्हणायचं का?” मागच्या बाकावरून दुसरा विचारतो, “पण सर, नव्वद टक्के तर सुधारले ना?” दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करू, कारण फसवणूक तिथं जास्त होते.

समजा एखाद्या संस्थेनं सांगितलं, आमच्याकडून गेलेल्या शंभरातल्या नव्वद जणांनी पुन्हा गुन्हा केला नाही. ऐकणारा टाळ्या वाजवतो. पण काहीही न करता सोडलेल्या शंभरातल्या ब्याण्णव जणांनीही केला नसेल, तर त्या नव्वदचं काय करायचं? लैंगिक गुन्हेगार पुन्हा पुन्हा तेच करतात असा आपला पक्का समज असतो. पण नोंदींत दिसणारं प्रमाण त्या समजापेक्षा बरंच कमी आहे. कॅनडा, अमेरिका आणि इंग्लंडमधल्या नमुन्यांवर अँड्र्यू हॅरिस आणि कार्ल हॅन्सन यांनी 2004 मध्ये जे मोजलं, त्यात पाच वर्षांत सुमारे 14 टक्के, दहा वर्षांत 20 आणि पंधरा वर्षांत 24 टक्के लोकांची नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी नोंद झाली होती. हे थोडे नाहीत. पण बहुसंख्य लोक पुन्हा सापडलेच नाहीत, आणि ते कार्यक्रमामुळे की आपोआप, हे एकट्या गटाकडे बघून सांगता येत नाही. तुलनेला दुसरा गट लागतोच.

आणि तो गट कसा निवडला, यावर सगळं अवलंबून असतं. आपल्या गावाच्या भाषेत सांगायचं तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एखाद्या कारखानदारानं नवा रंग आणला आणि तो चांगल्या, लांब धाग्याच्या सुतावर वापरला, जुना रंग मात्र स्वस्तातल्या सुतावर. चादर दहा वेळा धुतली, नवा रंग टिकला. आता कौतुक रंगाचं करायचं की सुताचं? तुरुंगात हेच घडतं. उपचाराला कोण येतं? ज्याला आपली चूक मान्य आहे, जो नियम पाळतो, ज्याच्या घरचे अजून भेटायला येतात. असा माणूस कार्यक्रम नसता तरी कदाचित सुधारला असता. उलटही होतं: प्रशासन सर्वांत धोकादायक वाटणाऱ्यांनाच आधी कार्यक्रमात बसवतं, मग उपचाराचा गट वाईट दिसतो.

याहून बेमालूम चूक मध्येच सोडून जाणाऱ्यांची. कल्पनेतला हिशेब करू. शंभर जण कार्यक्रमात बसले. तीस जण मध्येच गळाले. उरलेल्या सत्तरांपैकी पाच जणांनी पुढे गुन्हा केला, म्हणजे 7 टक्के. ज्या शंभरांना कार्यक्रम मिळालाच नाही त्यांतल्या बारा जणांनी केला, म्हणजे 12 टक्के. माहितीपत्रकावर छापलं जाईल: प्रमाण बारावरून सातवर! पण गळालेल्या तिसांतल्या सात जणांनी गुन्हा केला होता. पाच आणि सात बारा. सुरू करणारे शंभर धरले तर इकडेही बारा, तिकडेही बारा. कार्यक्रमाने काहीच केलेलं नाही. त्यानं फक्त चाळणी लावली. हे निव्वळ काल्पनिक नाही. मध्येच सोडून जाणारे पुढे जास्त गुन्हे करतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणून मूल्यमापनात जो बसला तो मोजायचा, ज्यानं पूर्ण केलं फक्त तोच नाही. हा एक नियम पाळला तर निम्मे गोड आकडे गळून पडतील, असं माझं मत.

इंग्लंडच्या अभ्यासकांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी वय, आधीचे गुन्हे, शिक्षेचा काळ अशा 87 बाबींवर दोन्ही गट जुळवून घेतले आणि मगच तुलना केली. तरीही एक फट राहते. सरकारी कागदावर जे लिहिलेलं नसतं ते जुळवता येत नाही. लहान मुलांविषयीचं लैंगिक आकर्षण किती खोलवर आहे, हे पुन्हा गुन्हा होण्याशी घट्ट जोडलेलं कारण आहे, आणि ते नोंदवहीच्या रकान्यात नीट सापडत नाही. उपचाराला जास्त करून असेच लोक पाठवले गेले असतील, तर दहा आणि आठ यांतला फरक उपचारामुळे नसून निवडीमुळे असू शकतो. म्हणून ‘उपचारानं बिघडले’ असं मी वर्गात म्हणू देत नाही. ‘सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही’ एवढं मात्र म्हणावंच लागतं, कारण चांगला परिणाम मोठा असता तर तो या फटीत लपला नसता.

ही फट बुजवायचा रस्ता एकच, सोडत. स्वेच्छेनं नाव दिलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना कार्यक्रम द्यायचा, निम्म्यांना नाही. मग कागदावर असलेले-नसलेले सगळे गुण दोन्हीकडे सारखे वाटले जातात. कॅलिफोर्नियाने 1985 ते 1995 दरम्यान हे धाडस केलं. कैद्यांना अॅटास्काडेरोच्या सरकारी रुग्णालयात आणून कार्यक्रम दिला. 2005 मध्ये अंतिम निकाल आला: उपचार घेतलेल्यांत सुमारे 22 टक्के, नाव देऊनही चिठ्ठी न लागलेल्यांत 20, आणि नावच न दिलेल्यांत 19. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं तिन्ही सारखेच. म्हणजे पद्धत चोख ठेवली तेव्हाही फायदा दिसला नाही.

‘चिठ्ठ्या टाकून उपचार नाकारणं अमानुष नाही का?’ हा प्रश्न रास्त आहे. पण जागा वीस आणि नावं साठ असतील, तर चाळीस जणांना तसंही नाकारावं लागतंच. कुणाला नाकारायचं हे वशिल्यानं ठरवण्यापेक्षा चिठ्ठीनं ठरवलेलं काय वाईट? जागा कमी पडल्या की सोडत काढायची, हे म्हाडाच्या घरांमुळे आणि आरटीईच्या प्रवेशांमुळे आपल्या अंगवळणी पडलंय.

आता ‘पुन्हा गुन्हा केला’ हे आपल्याला कळतं कसं? कळत नाही. कळतं ते फक्त पुन्हा अटक झाली किंवा शिक्षा लागली एवढंच. आपल्या देशात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) आकड्यांनुसार नोंद झालेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहांपैकी नऊहून अधिक वेळा आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. काका, शेजारी, मालक, लग्नाचं आमिष दाखवणारा. अशा किती घरांतून पोलीस ठाण्याची पायरी चढली जाते, हे वेगळं सांगायला नको. चढली तरी निकाल लागलेल्या खटल्यांत शिक्षेचं प्रमाण 2022 मध्ये 27 टक्क्यांच्या आसपास होतं. माझे एक वकील मित्र म्हणतात, “सर, तुम्ही मोजताय ते गुन्हे नाहीत, निकाल मोजताय.” बरोबरच आहे. तरी तुलना पूर्ण वाया जात नाही. दोन्ही गटांतले गुन्हे सारख्याच प्रमाणात लपत असतील, तर कोणता गट वर आणि कोणता खाली हे बदलत नाही, फक्त दोघांतलं अंतर लहान दिसतं. धोका तेव्हा, जेव्हा लपण्याचं प्रमाणच वेगळं होतं. उपचार घेतलेल्यावर पोलिसांची नजर जास्त असेल तर तो जास्त सापडेल. किंवा गटात बसून दुसऱ्यांचे किस्से ऐकून तो अधिक सावध झाला असेल, तर कमी सापडेल.

काळाचंही तसंच. याच इंग्लिश कार्यक्रमाचं एक मूल्यमापन 2003 मध्ये झालं होतं, सुटकेनंतर फक्त दोन वर्षांचं. तेव्हा लैंगिक गुन्ह्यासाठी पुन्हा शिक्षा झालेले उपचार-गटात 2.6 टक्के आणि दुसऱ्या गटात 2.8. इतक्या कमी घटना असतील तर चार-दोन माणसं इकडची तिकडे झाली की निष्कर्ष बदलतो. मात्र लैंगिक आणि हिंसक गुन्हे एकत्र धरले तर 4.6 विरुद्ध 8.1 असा आशादायक फरक दिसत होता. कार्यक्रमाच्या आधी-नंतर घेतलेल्या प्रश्नावल्यांवरही कैद्यांची उत्तरं सुधारलेली दिसत होती. त्या जोरावर कार्यक्रम चालू राहिला. महिनोन्महिने ‘बरोबर उत्तर काय’ हे शिकवल्यावर माणूस प्रश्नावलीत बरोबर उत्तर लिहितो, यात नवल ते काय? आमच्या परीक्षांत दरवर्षी हेच चालतं.

आता गणित. समजा उपचाराविना 8 टक्के लोक पुन्हा गुन्हा करतात आणि चांगल्या कार्यक्रमानं ते 6 वर येतात. म्हणजे चौथा हिस्सा कमी, आणि तितक्या मुलाबाळांचं आयुष्य वाचलं. हा फरक नशिबाचा खेळ नाही, हे नेहमीच्या संख्याशास्त्रीय कसोटीवर खात्रीनं सांगायला प्रत्येक गटात किती माणसं हवीत? सूत्र लावलं तर सुमारे 2,550. दोन्ही मिळून पाच हजारांच्या वर. इंग्लंडचा उपचार-गट 2,562 चा होता, म्हणजे तेवढ्यापुरता जेमतेम. पन्नास माणसांच्या अभ्यासावरून ‘यशस्वी’ किंवा ‘निरुपयोगी’ म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला हे सूत्र दाखवावं.

लहान अभ्यासांवर उपाय म्हणून ते एकत्र करून सरासरी काढतात. इथं चित्र बदलतं. जर्मनीचे मार्टिन श्मुकर आणि फ्रिडरिश लोझेल यांनी 2015 मध्ये चांगल्या दर्जाचे अभ्यास निवडून एकत्र केले: उपचार घेतलेल्यांत 10.1 टक्के, न घेतलेल्यांत 13.7. इंग्लंडच्या थेरेसा गॅनन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये लैंगिक, घरगुती हिंसेच्या आणि इतर हिंसक गुन्ह्यांच्या कार्यक्रमांवरचे 70 अभ्यास जोडले; त्यांतल्या लैंगिक गुन्ह्यांच्या कार्यक्रमांत आकडे 9.5 आणि 14.1. म्हणजे सरासरी परिणाम चांगला. पण उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2012 च्या आढाव्यानं फक्त सोडतीचे अभ्यास घेतले. त्यांत दहा अभ्यास, 944 माणसं, आणि मानसिक उपचारांनी धोका कमी होतो असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही. निवड जितकी सैल तितका परिणाम गोड, असा संशय येतो तो इथं.

मला स्वतःला सरासरीपेक्षा तिच्या पोटातली माहिती जास्त महत्त्वाची वाटते. श्मुकर-लोझेल यांना तुरुंगाबाहेर, समाजात राहून घेतलेल्या उपचारांचा परिणाम स्पष्ट दिसला. तुरुंगातल्यांचा तितका नाही. गॅनन यांना दिसलं की पात्र मानसशास्त्रज्ञ सतत सोबत असेल आणि कर्मचाऱ्यांच्या कामावर तज्ज्ञांची देखरेख असेल तर निकाल चांगला. ज्यांचा धोका जास्त त्यांच्यावर जास्त मेहनत, कमी धोक्याच्यांना फार छेडायचं नाही, हे सूत्रही बऱ्याच अभ्यासांत टिकलंय. आणि एक गोष्ट आपल्या मनाला न पटणारी. हॅन्सन आणि केली मॉर्टन-बुर्गोन यांच्या 2005 च्या आढाव्यात गुन्हा नाकारणं किंवा पीडितेविषयी कणव नसणं यांचा पुन्हा गुन्हा होण्याशी संबंध दिसला नाही. विकृत आकर्षण, बेशिस्त नि गुन्हेगारी वळणाचं जगणं, यांचा दिसला. ‘आधी कबूल कर, रड, पश्चात्ताप दाखव’ यावर महिने घालवणारा कार्यक्रम आपल्याला समाधान देईल, पण चुकीच्या ठिकाणी मलम लावेल. माणूस पश्चात्तापानं रडावा हे न्यायाला धरून आहेच; फक्त त्याला सुरक्षिततेचं माप समजू नये.

मग सोलापुरात काय करता येईल? सोलापूरचं कारागृह जिल्हा कारागृह आहे. लांब शिक्षेचे कैदी सहसा येरवड्यासारख्या मध्यवर्ती कारागृहात जातात. जिल्हा कारागृहात भरणा कच्च्या कैद्यांचा. देशभर 2022 अखेर सुमारे 5.73 लाख कैद्यांपैकी 4.34 लाख, म्हणजे 75.8 टक्के, कच्चे कैदीच होते. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. ‘तू हे का केलंस’ इथून सुरू होणारा उपचार त्यांना देताच येत नाही. उद्या वकील विचारील, गटात काय बोलला ते पुराव्यात आलं तर? म्हणजे एका जिल्ह्यात पाच हजार तर सोडाच, शंभर माणसंही जमायची नाहीत. हे काम राज्यपातळीवरच, सगळ्या मध्यवर्ती कारागृहांत एकच पद्धत ठेवून, आणि दहा-पंधरा वर्षं दम धरून करावं लागेल. कार्यक्रम सुरू करायच्या दिवशीच लिहून ठेवावं लागेल की कोण पात्र, सोडत कशी, कोणता गुन्हा मोजणार आणि केव्हा. निकाल काहीही आला तरी छापायचा, हेही तेव्हाच.

जिल्ह्याचं काम उरतं ते सुटकेनंतरचं, आणि तेच जास्त फायद्याचं दिसतंय. कॅनडात 1994 मध्ये एका पाद्र्यानं आणि काही स्वयंसेवकांनी सुटून आलेल्या एका माणसाभोवती गट बांधला: आठवड्याला भेटायचं, काम-खोली शोधायला मदत करायची आणि नजरही ठेवायची. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यानं हेच सोडत काढून तपासलं, पन्नास इकडे, पन्नास तिकडे. गट मिळालेल्यांत पुन्हा लैंगिक गुन्ह्यात अटक होण्याचं प्रमाण खूपच कमी निघालं. शंभरच माणसं आहेत, मघाचं सूत्र इथंही लागू. तरी अशा गटाला मोठी इमारत लागत नाही. चार-पाच खमकी माणसं आणि त्यांच्या पाठीशी एक मानसशास्त्रज्ञ लागतो.

मोजणीची अडचण मात्र सोलापूरची खास आहे. सुटलेला माणूस पुन्हा सापडला का, हे बघायला तुरुंगाची नोंद आणि पोलिसांची सीसीटीएनएस (ठाण्यांना जोडणारी संगणकीय यंत्रणा) नोंद जुळावी लागते. इथं मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांतली नावं एकाच ठाण्यात लिहिली जातात. श्रीनिवासचा शिरीनवास होतो, मल्लिकार्जुन नुसताच मल्लू म्हणून नोंदला जातो, आडनाव कधी पुढे कधी मागे, वय अंदाजानं. नावावरून जुळवायला गेलं तर पुन्हा गुन्हा केलेला माणूस यादीत ‘सुधारलेला’ म्हणून बसेल. त्यामुळे जुळणी बोटांच्या ठशांवरूनच करावी लागेल, आणि तुरुंगातून सुटताना ठसे नीट उमटलेत ना, हे त्या दिवशीच्या ड्युटीवरच्या शिपायानं बघावं लागेल.